झुकिनी ताजी कशी ठेवावी : मंडईपासून फ्रीजरपर्यंत

पुण्या-मुंबईच्या मंडईत झुकिनीची आता कोणाला नवलाई वाटत नाही. पुणे आणि नाशिक भागातील शेतकरी ती पिकवतात आणि परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर ब्रोकोली व रंगीत ढोबळी मिरचीच्या शेजारी हिरवी आणि पिवळी झुकिनी बहुतेक वर्षभर दिसते. ही भाजी घरोघरी शिजू लागली असली, तरी ती ठेवावी कशी हे मात्र अजून घरोघरी पोहोचलेले नाही. भेंडी कशी पुसून ठेवावी, कोथिंबीर कशी निवडून गुंडाळावी, हे आपल्याला आई-आजीकडून आपसूक समजलेले असते. झुकिनीच्या बाबतीत असा वारसा नसल्याने कोणी तिला भोपळ्याची बहीण समजून टोपलीत ठेवतो, तर कोणी काकडीसारखी दिसते म्हणून धुऊन फ्रीजमध्ये सर्वांत थंड जागी सरकवतो. दोन्ही ठिकाणी ती चार-पाच दिवसांत हातची जाते.

तिचा स्वभाव एकदा नीट समजला, की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. झुकिनी भोपळ्याच्याच कुळातील आहे, हे खरे. पण लाल भोपळा वेलीवर पूर्ण पिकतो, त्याची साल टणक होते आणि म्हणून तो माळ्यावर महिनोन्महिने टिकतो, तर झुकिनी फूल उमलल्यानंतर साधारण 4 ते 6 दिवसांत, म्हणजे अगदी कोवळी असतानाच कापली जाते. साल इतकी पातळ असते की नखाचा हलका ओरखडाही तिच्यावर उमटतो. आत जवळजवळ 95 टक्के पाणी असते आणि ते अडवून धरणारे जाड आवरण अजून तयार झालेले नसते. कोवळ्या फळाचे श्वसनही जोरात चालू असते, त्यामुळे तोडल्यानंतर ते झपाट्याने उतरू लागते. म्हणून झुकिनीला हवा दमट लागते, पण सालीवर पाणी चालत नाही. गारवा लागतो, पण कडक थंडी सोसत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे, हीच तिच्या साठवणुकीची खरी कसोटी आहे.

निवड करतानाच अर्धे काम होते

पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीची, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारी, तुकतुकीत सालीची झुकिनी घ्यावी. सर्वांत आधी पाहावा तो देठ. तो हिरवा, घट्ट आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब असेल, तर माल ताजा आहे. देठ सुकून तपकिरी झाला असेल किंवा मुळापासून उपटल्यासारखा निघाला असेल, तर ती झुकिनी कितीही चकचकीत दिसली तरी बाजूला ठेवावी, कारण पाणी बाहेर जाण्याची आणि बुरशी आत शिरण्याची सर्वांत सोपी वाट तीच असते. फुलाकडचे टोकही अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. कुजण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुधी कोवळा आहे की नाही हे पाहण्यासाठी नख टोचण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि तीच सवय आता झुकिनीवरही चालते. दुधी आपण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चिरतो म्हणून ते खपून जाते. झुकिनीवरचा नखाचा व्रण मात्र दोन-तीन दिवसांत तपकिरी होतो आणि मग मऊ पडतो. आपण टोचून परत ठेवलेली झुकिनी दुसरा कोणी घरी नेणार असतो, हेही लक्षात असावे.

मॉलमध्ये झुकिनी थर्माकोलच्या तबकडीत, वर ताणलेल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये बांधून मिळते. तबकडी उलटी करून खालची बाजू पाहावी. आत पाण्याचे थेंब साचले असतील, तर ते पाकीट घेऊ नये. घेतलेच, तर घरी आल्यावर प्लॅस्टिक लगेच काढून टाकावे.

ज्यांच्या परसात किंवा गच्चीवर झुकिनीचे झाड आहे, त्यांनी ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी काढावी. फळ पिरगळून तोडू नये. धारदार सुरीने किंवा कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापावे. पानांचे आणि देठांचे काटेरी रोम हाताला खाजतात, म्हणून हातमोजे घालणे चांगले. पीक ऐन भरात असताना एक दिवसाआड झाडे तपासावीच लागतात, कारण पानांआड राहिलेले फळ दोन-तीन दिवसांत दुपटीने वाढते. अमेरिकेत परसबाग करणाऱ्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्यातला हा पूर चांगलाच परिचयाचा असेल. तिकडे 8 ऑगस्ट हा दिवस शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून येण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. एवढी झुकिनी एकदम हाती आली, की पुढे सांगितलेला फ्रीजरचा मार्गच उपयोगी पडतो.

घरी आणल्यावरचा पहिला अर्धा तास

झुकिनी धुवू नये. ठेवण्यापूर्वी धुतलेली झुकिनी आणि न धुतलेली झुकिनी एकाच खणात ठेवून पाहिली, तर फरक आठवड्याच्या आत डोळ्यांना दिसतो. माती लागली असेल, तर कोरड्या मऊ फडक्याने हलकेच पुसावी. भर उन्हातून आणली असेल, तर पंख्याच्या वाऱ्यात न ठेवता सावलीत अर्धा तास पसरून तिच्यातील उष्णता जाऊ द्यावी. गरम झुकिनी पिशवीत घालून थेट फ्रीजमध्ये ठेवली, की पिशवीच्या आतून दव धरते आणि तेच पाणी सालीवर बसते. पावसाळ्यात ओलीच आणावी लागली, तर ती पंच्यावर ठेवून, देठाच्या खोबणीतले पाणीही टिपून, पूर्ण कोरडी करावी.

याच वेळी निवड करून घ्यावी. ओरखडे असलेल्या, टोक मऊ असलेल्या किंवा वाकून दबलेल्या झुकिन्या वेगळ्या काढून त्या आज-उद्या शिजवाव्यात. एक नासकी झुकिनी पिशवीतल्या बाकीच्यांना सोबत घेऊन जाते.

फ्रीजमधील नेमकी जागा

झुकिनीसाठी योग्य तापमान साधारण 5 ते 10 अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास मानली जाते. अशा हवेत ती दहा दिवसांपर्यंत चांगली राहते. घरच्या फ्रीजचे मुख्य कप्पे मात्र 3 ते 4 अंशांवर चालतात, आणि दूध व शिजवलेल्या अन्नासाठी ते तसेच चालले पाहिजेत. पाच अंशांखाली तीन-चार दिवसांहून अधिक राहिलेल्या झुकिनीला थंडी बाधते. सालीवर बारीक खड्डे पडतात, त्याभोवती पाणथळ डाग दिसू लागतात, आणि फसवी गोष्ट अशी की फ्रीजमध्ये असेपर्यंत ती बरी दिसते. बाहेर काढून ओट्यावर ठेवली की काही तासांतच लिबलिबीत होते. भाजीवाल्याने शिळा माल दिला, असे आपल्याला वाटते, परंतु दोष पुष्कळदा आपल्याच कप्प्याचा असतो.

त्यामुळे तळाचा भाजीचा खण हीच तिची जागा. एका दाराच्या जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा चिलर ट्रे सर्वांत थंड असतो. तिथे झुकिनी कधीही ठेवू नये. दोन दारांच्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीतून थंड हवा येते, म्हणून खणातही झुकिनी पुढच्या बाजूला ठेवावी. आपल्या खणाचे तापमान खरोखर किती आहे, हे जाणून घ्यायचे असेल, तर पेल्यात पाणी भरून त्यात फ्रीजचा तापमापक बुडवावा, पेला रात्रभर खणात ठेवावा आणि सकाळी दार उघडताक्षणी आकडा वाचावा. नुसत्या हवेत टांगलेला तापमापक दार उघडताच बदलतो, पाण्यातला बदलत नाही. खण 4 अंशांवर निघाला, तर खणाच्या तळाशी जाड घडीचा टॉवेल अंथरावा आणि झुकिनी चार दिवसांच्या आत वापरण्याचा हिशेब ठेवावा; तेवढ्या काळात थंडीचा त्रास सहसा होत नाही.

आता गुंडाळण्याविषयी. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची पद्धत अशी : प्रत्येक झुकिनी सुती फडक्यात किंवा टिपकागदात सैल गुंडाळावी, मग दोन-तीन झुकिन्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आडव्या ठेवाव्यात आणि पिशवीचे तोंड न बांधता नुसते दुमडावे. पिशवीला चार-सहा भोके पाडली तरी चालते. फडके जादा ओल शोषून घेते, पिशवी हवा दमट ठेवते, आणि उघडे तोंड दव धरू देत नाही. नुसत्या सुती जाळीच्या पिशवीत ठेवल्यास उन्हाळ्यात तीन दिवसांतच टोके सुरकुततात. हवाबंद डब्यात ठेवल्यास आत घाम सुटतो. कागद दर दोन दिवसांनी हाताने चाचपून पाहावा आणि ओलसर लागल्यास बदलावा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, कारण छपाईची शाई ओल्या सालीला लागते. झुकिन्यांवर बटाटे, कोबी असे जड सामान ठेवू नये, आणि आधी आणलेली झुकिनी नेहमी पुढे असावी.

शेजारही पाहावा लागतो. पिकलेली केळी, सफरचंद, पपई, चिकू, आंबे आणि टोमॅटो यांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो. पिकवण्याचे काम करणारा हाच वायू हिरव्या झुकिनीला पिवळी पाडतो. आंब्याच्या दिवसांत ज्या खोलीत अढी घातली असेल, त्या खोलीत झुकिनीची टोपली नसावी. फ्रीजमध्ये दोन खण असतील, तर एक फळांना आणि एक भाज्यांना द्यावा. खणाच्या कडेला आर्द्रतेची सरकती पट्टी असल्यास झुकिनीच्या खणात ती झडप बंद ठेवावी.

फ्रीज नसेल किंवा भरलेला असेल, तर

थंडीच्या दिवसांत पुणे-नाशिककडच्या घरात हवेशीर, अंधाऱ्या कोपऱ्यात झुकिनी फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस बिनघोर राहते. उन्हाळ्यात ती एकच दिवस धरावी. कोरड्या हवेच्या भागात, म्हणजे देशावर, खानदेशात, मराठवाड्यात आणि विदर्भात, एक जुनी युक्ती उपयोगी पडते : एका मोठ्या कुंडीत लहान मातीचे भांडे ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी, वाळू दिवसातून दोनदा भिजवावी, आतल्या भांड्यात झुकिनी ठेवावी आणि वर ओले गोणपाट टाकावे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, तोच माठाचा न्याय. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथली हवा मुळातच दमट असल्याने पाणी उडतच नाही; भांडे गार न होता आतली भाजी नुसती ओलसर राहते आणि बुरशी लवकर धरते. त्या भागात फ्रीजशिवाय झुकिनी साठवण्याच्या फंदात न पडता लागेल तेवढीच आणावी.

चिरलेली आणि शिजवलेली झुकिनी

अर्धी झुकिनी उरली, तर ती चिरलेल्या तोंडावर टिपकागद लावून बंद डब्यात ठेवावी आणि तीन दिवसांत संपवावी. वापरताना कापलेल्या बाजूची पातळ चकती काढून टाकावी. फोडी करून ठेवायच्याच असतील, तर त्यांना मीठ लावून ठेवू नये, कारण मिठाने पाणी सुटते आणि फोडी त्या पाण्यातच मऊ होतात. किसलेली झुकिनी त्याच दिवशी वापरावी. शिजवलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावी आणि तीन-चार दिवसांत खावी.

झुकिनीची फुले मिळाली, तर ती साठवण्याचा विचार करू नये. ओलसर टिपकागदावर, डब्यात, एकावर एक न रचता ठेवल्यास जेमतेम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. भोपळ्याच्या फुलांसारखी त्यांची भजी त्याच सकाळी करणे उत्तम.

फ्रीजरमध्ये साठवताना

आठवड्याहून अधिक काळ ठेवायची असेल, तर झुकिनी गोठवावी, आणि ती ताजी असतानाच गोठवावी. सुरकुतल्यावर गोठवून काही हाती लागत नाही.

कोवळ्या, बिया न धरलेल्या झुकिन्या धुऊन, दोन्ही टोके कापून, साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. मोठ्या पातेल्यात अर्धा किलो चकत्यांमागे चार लिटर या प्रमाणात पाणी खळखळ उकळावे. पाणी एवढे अशासाठी की चकत्या टाकल्यावरही त्याला मिनिटभरात पुन्हा उकळी फुटली पाहिजे. पाणी कमी असेल, तर चकत्या कोमट पाण्यात नुसत्याच भिजत राहतात. पुन्हा उकळी आल्यापासून घड्याळ लावून तीन मिनिटे मोजावीत, मग चकत्या लगेच झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवाव्यात. उकळत्या पाण्याने भाजीतील विकरांचे (एन्झाइम्सचे) काम थांबते. हा टप्पा गाळला, तर फ्रीजरमध्येही रंग आणि चव हळूहळू उतरत जाते. नंतर चकत्या रोळीत निथळून, पंच्यावर पसरून, वरूनही टिपून घ्याव्यात. हा कोरडे करण्याचा टप्पा घाईत उरकू नये, कारण अंगावर राहिलेल्या प्रत्येक थेंबाचा बर्फ होणार असतो. मग ताटात एकेरी थर लावून ते ताट दोन तास फ्रीजरमध्ये ठेवावे आणि चकत्या कडक झाल्यावर पिशवीत भरून, हवा दाबून काढून, तोंड बंद करावे. आधी ताटात गोठवल्यामुळे त्यांचा एक दगड होत नाही आणि हव्या तेवढ्या काढता येतात. पिशवीवर तारीख घालावी.

किसासाठी आपल्या घरातले मोदकपात्र फार उपयोगी आहे. कीस पातळ थरात पसरून, थोडा थोडा, पारदर्शक दिसेपर्यंत एक-दोन मिनिटे वाफवावा, गार करावा आणि एका वेळच्या थालीपिठाला किंवा पराठ्याला लागेल तेवढा मोजून लहान पिशव्यांत चपटा करून भरावा. वितळल्यावर त्यातून पुष्कळ पाणी सुटते. ते पिळून काढून पीठ भिजवायला वापरावे, म्हणजे पिठात वेगळे पाणी घालावे लागत नाही.

उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये अशी झुकिनी आठ-दहा महिने चांगली राहते. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा मात्र बहुधा इतका थंड होत नाही, म्हणून तिथे ठेवलेली महिन्याभरात संपवावी. वीज गेली, तर दार उघडू नये. पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीजर बंद दाराने सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास गोठलेला राहतो. गोठवलेली झुकिनी कोशिंबिरीला चालत नाही, कारण आतल्या पेशी बर्फाने फुटलेल्या असतात. सूप, पिठले, रस्सा यांत ती न वितळवता थेट उकळत्या भांड्यात टाकावी. आधी वितळवली तर तिचा लगदा होतो.

वाळवण, आणि लोणच्याविषयी एक सावधगिरी

कोहळ्याच्या सांडग्यांची रीत झुकिनीला चांगली लागू पडते. वाढलेली झुकिनी बिया काढून किसावी, मीठ लावून अर्ध्या तासाने घट्ट पिळावी, भिजवून वाटलेली उडदाची डाळ, मिरची आणि जिरे घालून सांडगे घालावेत व चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात खडखडीत वाळवावेत. नुसत्या चकत्या वाळवायच्या, तर त्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कराव्यात. वाळलेल्या चकत्या काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज पाहाव्यात. काचेला आतून धुके दिसले, तर पुन्हा उन्हात घालाव्यात.

लोणच्याच्या बाबतीत कैरीचा हिशेब लावू नये. कैरी स्वतःच आंबट असते, म्हणून तिचे लोणचे बाहेर टिकते. झुकिनीत आंबटपणा जवळजवळ नसतो. आंबट नसलेली भाजी तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवली, तर तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझम हा जीवघेणा विकार घडवणाऱ्या जिवाणूला विष तयार करायला अनुकूल जागा मिळते. ते विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही साध्या झुकिनीच्या घरगुती डबाबंदीची शिफारस मागे घेतलेली आहे. म्हणून झुकिनीचे लोणचे सिरक्यातच करावे, आपल्याकडच्या बऱ्याच सिरक्यांत आम्ल 4 टक्क्यांच्या आसपासच असल्याने त्यात पाणी मिसळू नये, आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावी.

कोणती खावी, कोणती टाकावी

टोके सुरकुतली, अंग थोडे लवचीक झाले, एवढ्याने झुकिनी टाकून देऊ नये. पाणी उडालेले आहे, भाजी नासलेली नाही. तिची चिरून परतून भाजी करावी. थंडीने पडलेले उथळ खड्डे असतील आणि आतला गर घट्ट असेल, तर तीही लगेच शिजवावी. मात्र बोटाला चिकट लागणारी साल, देठाजवळचा लिबलिबीतपणा, आंबूस वास किंवा कापसासारखी पांढरी बुरशी दिसल्यास तेवढाच भाग कापून उरलेली ठेवण्याचा मोह टाळावा. पाणीदार भाजीत बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

शेवटचा मुद्दा साठवणुकीपेक्षा मोठा आहे. झुकिनी चिरल्यावर तिचा कणभर तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून टाकावा. हा कडवटपणा क्युकर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. कडू दुधीचा रस पिऊ नये, असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिलेला आहे, तो याच द्रव्यामुळे. आणि 2015 साली जर्मनीत घरच्या बागेतील कडू झुकिनी खाल्ल्यानंतर एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. हे द्रव्य शिजवल्याने जात नाही, मीठ लावून पिळल्याने जात नाही, मसाल्याखाली झाकलेही जाऊ नये. कडू झुकिनी पूर्ण टाकावी. ती आपल्या बागेतली असेल, तर त्या झाडाची बाकीची फळेही खाऊ नयेत, त्याचे बी धरू नये आणि पुढच्या हंगामात खात्रीच्या दुकानातून नवे बियाणे आणून लावावे, कारण शेजारच्या शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या घरच्या बियांतूनच असा कडवटपणा पुन्हा उगवतो.